स्वतःच्या हातानं विकलेलं घर

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीच्या मागच्या बाजूला सोळा रो-हाऊसची एक रांग आहे. त्यातलं शेवटून तिसरं घर आमचं होतं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्याच्यावर गच्ची. आमचे मिस्टर जवळच्याच एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग दाबून बनवणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर होते, सायकलनं दहा मिनिटांत कंपनीत पोचायचे. घर घेताना बँकेतल्या साहेबांनी सुचवलं होतं की बायकोचंही नाव लावा, व्याज थोडं कमी बसतं. अशी मी कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार झाले आणि खरेदीखतावर सहमालक. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. माझ्या आईचं नाव रेशनकार्ड सोडून कुठं लागलं नव्हतं. माझं एका घरावर लागलं, हे मी माहेरी जाऊन दोनदा सांगून आले होते.

मी घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, फॉल-पिको, आणि मे-जूनमध्ये दोन शाळांचे गणवेश. हप्ता ह्यांच्या पगारातून जायचा, किराणा आणि मुलीचा खर्च माझ्या शिलाईतून भागायचा. मुलगी लोणीला नर्सिंग शिकत होती, तिथंच होस्टेलवर राहायची. आठ वर्षं आमचा एकही हप्ता चुकला नाही. पाच तारखेला मेसेज यायचा, आम्ही तो वाचायचो आणि विसरून जायचो.

मग ज्या मोठ्या कंपनीसाठी ह्यांचं प्रेसशॉप माल बनवायचं, तिनं काम दुसरीकडं दिलं. आधी एक पाळी बंद झाली. मग आठवड्यातले तीनच दिवस काम. दिवाळीनंतर एका सोमवारी हे कंपनीत गेले आणि तासाभरात परत आले. सायकल भिंतीला लावली, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "गेटला कुलूप आहे." मालक वाईट माणूस नव्हता. सगळ्यांची देणी देईन, पण वेळ लागेल, असं त्यानं सांगितलं होतं. तोवर हे ठेकेदाराकडं मिळेल ते काम करायला लागले. कधी पंधरा दिवस काम, कधी नुसतंच बसून.

पहिला हप्ता चुकला तेव्हा बँकेतून फोन आला. पुढच्या महिन्यात दोन्ही भरू, असं ह्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात एकही भरता आला नाही. तिसऱ्या महिन्यापासून आम्ही फोन उचलणं बंद केलं. मी हे लपवत नाही, कारण आमची खरी चूक हीच होती. पैसे नव्हते, त्याला आमचा इलाज नव्हता. पण फोन वाजला की हे माझ्याकडं बघायचे, मी शिलाई मशीनकडं बघायची, आणि तो वाजून वाजून थांबायचा. एकदा बँकेची दोन माणसं मोटारसायकलवरून घरी आली. अगदी नीट बोलत होती. मी दारातूनच "ते बाहेरगावी गेलेत" म्हणून सांगितलं. हे वरच्या खोलीत पलंगावर बसले होते. माणसं गेल्यावर मी वर गेले, तर त्यांनी पायातल्या चपलाही काढून हातात धरल्या होत्या, खाली आवाज जाऊ नये म्हणून. ते दृश्य मला कुठल्याही नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

नोटीस आली ती रजिस्टर पोस्टानं. पोस्टमननं दोन सह्या घेतल्या, कारण पाकिटं दोन होती. एक ह्यांच्या नावाचं, एक माझ्या. आतला मजकूर इंग्रजीत. मला त्यातलं एवढंच कळलं की आमची नावं आहेत, घराच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहिलंय, आणि साठ दिवस. कर्जाची सगळी रक्कम, थकलेले हप्तेच नव्हे तर सगळीच, एकदम मागितली होती. ह्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "संपलं. घर गेलं आपलं."

मला त्यांचं पटलं नाही असं नाही. पण ज्या कागदावर आपलं नाव आहे तो आपल्याला वाचता येत नाही, ह्याचा मला राग आला. मी दोन्ही पाकिटं घेतली आणि शेजारी गेले.

शेजारच्या ताई जिल्हा कोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच राहायच्या. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, आणि बाजूच्या कपाटात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कायद्याची पुस्तकं. मी आजवर त्यांच्याकडं विरजणाला दही मागायला नाहीतर ब्लाउजाचं माप घ्यायला जायची. त्यांनी माझा चेहरा बघितला, पाकिटं बघितली आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर चहा झाल्यावर रडा. आधी वाचू या."

त्यांनी चष्मा लावून सगळं पत्र वाचलं, पाठीमागचं बारीक अक्षरसुद्धा. मग म्हणाल्या, "हा लिलाव नाही. ही मागणीची नोटीस आहे. ओळीनं तीन महिने हप्ते थकले की बँक खातं बुडीतात टाकते आणि हे पाठवते. आजपासून साठ दिवस तुमच्याकडं आहेत. ते गेले तर बँक ताबा मागेल, तशी नोटीस दाराला लागेल, पेपरात येईल. त्याच्याही पुढं लिलावाची नोटीस, तिला आणखी महिना. लिलावाची जाहिरात निघायच्या आत सगळी रक्कम भरली तर घर सोडवता येतं. कळलं?"

"म्हणजे घर गेलेलं नाही?"

"नाही. पण गप्प बसलात तर जाईल. ह्या पत्राला उत्तर देता येतं. आपण लेखी दिलं की बँकेला पंधरा दिवसांत लेखी कळवावं लागतं, की तुमचं म्हणणं मान्य आहे किंवा का नाही. लोक नेमकं हेच करत नाहीत."

उत्तर त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मराठीतच. कंपनी कधी बंद झाली, आठ वर्षं हप्ते वेळेवर कसे गेले, मालकाकडून ग्रॅच्युइटी यायची आहे, आणि आम्हाला घर ठेवायचं आहे, काय मार्ग आहे ते बँकेनं सांगावं. मी एका वाक्यात "कृपा करून" लिहिलं होतं. ताईंनी ते खोडायला लावलं. "कृपा कसली? विनंती लिहा. आणि देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा."

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं, तर ह्यांनी ऐकून घेतलं, पण बँकेत जायला काही तयार झाले नाहीत. "उद्या जाऊ," म्हणाले. उद्याचे चार दिवस झाले. आणि पाचव्या दिवशी एक पाहुणा आला.

हा माणूस एमआयडीसीत जागांची दलाली करायचा. ह्यांच्याबरोबरच्या कुणीतरी त्याला आमचं सांगितलं होतं. पांढरी गाडी, खिशाला दोन पेनं. हॉलमध्ये बसल्या बसल्या त्यानं छताकडं नजर फिरवली. म्हणाला, "काय घाबरू नका. बँकेत आपली वळख हाय. तुमी फक्त घर माझ्या नावावर लिहून द्या, बँकेचं मी बघतो. तुमी भाडेकरू म्हणून हितंच राहा. दोन वर्सांनी हात मोकळा झाला की परत घ्या. कुनाला कळायचंबी न्हाई."

त्यानं बॅगेतून स्टॅम्पपेपर काढला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "मजकूर नंतर टाईप करू," म्हणाला, "आज नुसत्या सह्या."

ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. इथंच राहायचं, कुणाला कळणार नाही, ह्या दोन गोष्टी त्यांना हव्या होत्या आणि त्या माणसानं नेमक्या त्याच दोन दिल्या. त्यांनी पेन हातात घेतलंसुद्धा. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि मागच्या दारानं ताईंना बोलावून आणलं.

ताई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्या माणसाला अगदी शांतपणे विचारलं, "घर बँकेकडं गहाण आहे. बँकेच्या परवानगीशिवाय तुम्ही ते नावावर कसं करून घेणार?"

"अहो बाई, वळख हाय म्हनलं ना."

"असू द्या. मग परवानगीचं पत्र आणा. आणि परत देणार ते किती रकमेला, कुठल्या तारखेला, ते आत्ता लिहा ह्या स्टॅम्पवर. हे दोघं लगेच सह्या करतील."

त्यानं चहा अर्धाच प्यायला. जाताना ह्यांना म्हणाला, "इचार करा आन् फोन करा," पण ताईंकडं बघितलं नाही.

तो गेल्यावर हे माझ्यावर भडकले. इतकी वर्षं संसार केला, पण तसा आवाज त्यांनी कधी चढवला नव्हता. "घरातली गोष्ट बाहेर न्यायची तुला काय गरज होती?" मीही म्हणाले, "माझंही नाव आहे घरावर. मी कोऱ्या कागदावर सही करणार नव्हते." दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, लग्नाकार्याचा शर्ट काढला आणि म्हणाले, "ते तुझं पत्र घे. जाऊ."

बँकेत आमच्या खात्याचं काम एका तिशीतल्या मॅडमकडं होतं. मूळच्या श्रीगोंद्याच्या. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते, हे त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. आम्ही नाव सांगितल्यावर त्यांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं. "तुम्ही होय? काका, फोन का उचलत नव्हता?"

मला वाटलं हे काहीतरी कारण सांगतील. पण हे म्हणाले, "लाज वाटायची."

मॅडमनी आमची फाईल पुढं ओढली. मग म्हणाल्या, "तीन महिन्यांपूर्वी आला असता तर हे पत्रच निघालं नसतं. तेव्हा काही महिने नुसतं व्याज भरून चालवता आलं असतं. आता खातं थकीत झालंय, नियम वेगळे लागतात. तरी बघू." आणि त्यांनी आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला. मी तो दोनदा तपासला.

त्या दिवशी आम्ही तिथं तासभर बसलो. मध्येच त्यांचा फोन वाजायचा, कुणी सही घ्यायला यायचं, आणि पुन्हा आमचं सुरू. त्या म्हणाल्या, थकलेले हप्ते आणि त्यावरचं व्याज एकदम भरलं तर खातं पुन्हा नियमित होईल आणि नोटीस पुढं सरकणार नाही. सगळं कर्ज फेडायची गरज नाही. पुढचा हप्ता झेपत नसेल तर मुदत वाढवून तो कमी करता येईल. पण ह्यांचं वय एक्कावन्न, त्यामुळं मुदत फारशी वाढत नव्हती.

"एकरकमी तडजोड म्हणतात ती?" ह्यांनी विचारलं. कुणीतरी त्यांना ते सांगितलं होतं.

"त्याला हातात एकरकमी पैसा लागतो, तो तुमच्याकडं नाही. आणि तडजोड केली की ते नोंदलं जातं, पुढं कुठं कर्ज मागायला गेलात की ते दिसतं. तुमच्यासारख्यांनी त्या वाटेला शेवटी जावं."

"मग विकायचं?"

"तेही चालतं. आमची परवानगी घेऊन तुम्ही स्वतः गिऱ्हाईक आणायचं. आमचं फिटलं की उरलेलं तुमचं. लिलावातही उरलेलं तुमचंच असतं, पण लिलावात येणारा माणूस स्वस्तात मिळेल म्हणूनच येतो. तुम्ही विकलं तर भाव तुम्ही सांगणार."

हे लगेच म्हणाले, "विकायचं नाही." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. कागद चाळत विचारलं, "काकू, तुम्ही काय करता? तुम्ही सहकर्जदार आहात. तुमचं वय कमी आहे. तुमचं उत्पन्न दाखवता आलं तर मुदत तुमच्या वयावर वाढवता येईल."

मी म्हणाले, "शिवते." आणि मलाच ते अपुरं वाटलं. मग मी सगळं सांगितलं. दोन शाळांचे गणवेश, त्यांच्या पावत्या, त्यांचे चेक माझ्या खात्यावर येतात. आत्तापर्यंत ते कुणी उत्पन्न म्हणून विचारलं नव्हतं, मीही त्याला किराणाच म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, पासबुक आणि पावत्या आणा. आणि घराचा काही भाग भाड्यानं देता येत असेल तर तेही करारावर दाखवा.

रिक्षात बसल्यावर मी ह्यांना म्हणाले, "विकायचं नाही ना? मग राहायचंही नाही. सगळंच घर भाड्यानं देऊ."

"आणि आपण कुठं जायचं?"

"कोल्हारला."

ते मी असंच म्हणाले नव्हते. कोल्हारला ह्यांचा कंपनीतला जुना सोबती होता. त्यानं रस्त्यालगत शेड टाकून उसाच्या ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली होती आणि दर महिन्याला ह्यांना बोलवायचा. हे टाळायचे. पंधरा वर्षं हाताखाली माणसं ठेवलेल्यानं पुन्हा वेल्डिंगचा होल्डर कसा धरायचा, हा प्रश्न होता. रिक्षा एमआयडीसीच्या चौकात आली तेव्हा ते बाहेर कंपन्यांच्या गेटांकडं बघत होते. मग म्हणाले, "कोल्हारहून लोणी जवळ पडतं." एवढंच. मला कळलं की ते हो म्हणाले.

मालकानं ग्रॅच्युइटीचा अर्धा भाग दिला, ह्यांनी प्रॉव्हिडंट फंड काढला, आणि साठ दिवसांतले सोळा दिवस शिल्लक असताना आम्ही थकबाकी भरली. माझ्या पासबुकावर मुदत वाढली, हप्ता कमी झाला. त्या कागदावर माझं नाव वर होतं आणि ह्यांचं खाली. सही करताना हे म्हणाले, "आता तूच मुख्य."

भाडेकरू ताईंनीच आणून दिली. एसटीत कंडक्टर होती, पस्तिशीची, लग्न केलेलं नव्हतं, वडिलांबरोबर राहायची. वडिलांना जिने चढवत नव्हते म्हणून त्यांना खालचं घर हवं होतं. आमचा हॉल बघून म्हातारे बाबा म्हणाले, "खिडकी पूर्वेला हाय. बास झालं." भाडं हप्त्याच्या बरंच जवळ जायचं. उरलेलं आम्ही घालायचो.

टेम्पोत सामान चढवताना मी रडले, हे खरं. ताईंनी लसणाच्या चटणीचा डबा दिला आणि सांगितलं, "घर कुठं पळून जात नाही. आता कागदावर आहे ते." टेम्पोत पुढं मी आणि मशीन. हे मागं गाद्यांवर बसून आले.

कोल्हारला आम्हाला पेरूच्या बागेच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या. मालकीण शेतकरी घरातली, माझ्याहून थोडी मोठी. सामान उतरताना तिनं मशीन बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "शिवता व्हय तुमी? आगं बया, मग लई बरं झालं. हितं एक बाई हुती शिवनारी, ती पुन्याला गेली पोराकडं. समद्या गावाचे ब्लाउज तिच्यापाशी आडकल्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःची चार कापडं घेऊन आली, सोबत जावेची तीन. पंधरा दिवसांत मला खुंटीवर कापडं टांगायला जागा उरली नाही. नागापूरला मी शिवायची तेव्हा बायका यायच्या, माप द्यायच्या, जायच्या. इथं येणारी बाई आधी बसायची. पेरू सोलून ठेवायची. मग माप.

ह्यांचं मला जास्त आश्चर्य वाटलं. पहिला आठवडा ते शेडवरून आले की हात बघत बसायचे. बाह्यांना ठिणग्यांची बारीक भोकं पडायची, ती मी रफू करायची. मग एक दिवस ते जेवताना ट्रॉलीच्या मागच्या फळीबद्दल बोलायला लागले. ती उघडताना हात चेमटतो, त्याला वेगळी कडी लावली पाहिजे, आणि ती कशी, ते त्यांनी भाकरीच्या तुकड्यानं मला ताटात दाखवलं. पुढच्या महिन्यात त्या कडीसाठी श्रीरामपूरकडून लोक ट्रॉल्या बघायला आले. सुपरवायझर असताना त्यांनी घरी कामाचं कधी सांगितलं नव्हतं. तिथं सांगण्यासारखं काही नव्हतंच, ते मागाहून एकदा म्हणाले. नुसता माल मोजायचा आणि माणसांवर ओरडायचं.

मुलीनं होस्टेल सोडलं. लोणीहून रोज यायची. तिघं जण एका खोलीत जेवायचो आणि ती दिवसभराच्या गोष्टी सांगायची, कुठल्या पेशंटनं काय केलं, कुणाला शीर सापडली नाही. नागापूरच्या घरात वर तिची वेगळी खोली होती, रंगवलेली, पडदा लावलेली. त्या खोलीत ती वर्षातून वीस दिवस राहायची.

भाडेकरू कंडक्टरची ड्यूटी पुष्कळदा नगर-मनमाड रस्त्याच्याच गाडीवर असायची. भाडं मोबाईलवर यायचं, पण आमच्या नावानं आलेली पत्रं ती हातानं द्यायची. कोल्हारच्या स्टँडवर गाडी थांबली की दारातून हाक मारायची, "काकू, लाईटबिल भरलं. आणि बाबांनी मिरच्या दिल्यात." मी पेरू द्यायची. प्रवासी खिडकीतून बघत राहायचे, की कंडक्टरची आणि ह्या बाईची ही कसली देवाणघेवाण.

दोन वर्षं अशी गेली. हप्ता एकदाही चुकला नाही. आम्ही दोघंही बोलायचो ते एकच, की अजून थोडं साठलं की परत जाऊ.

एका दुपारी कंडक्टर आमच्या स्टँडवर खाली उतरली. गाडी दहा मिनिटं थांबणार होती. म्हणाली, "काकू, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही परत यायचं म्हणता, तर आम्हाला दुसरी जागा बघावी लागेल. बाबांना आता तिथंच सवय झालीय. घर द्यायचा विचार आहे का? मला कर्ज मिळतंय, मी चौकशी केलीय."

मी म्हणाले, "छे गं, विकायचं असतं तर एवढं कशाला केलं असतं?" तिनं मान हलवली, तिकिटांचा पंच वाजवत गाडीत चढली. मी घरी आले आणि दिवसभर माझ्या हातून शिलाई सरळ पडली नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघून तरी येऊ." विकायचं नाही असं ते म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी आम्ही नागापूरला गेलो. दारातच जास्वंदीची कुंडी होती, आमच्या वेळी नव्हती. म्हातारे बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होते. त्या रांगेत मी आठ वर्षं राहिले, मला त्यातली निम्मी नावं माहीत नव्हती. मी गच्चीवर गेले. रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये टोमॅटो लावले होते, मिरच्या होत्या, एका दोरीवर एसटीचा खाकी गणवेश वाळत होता. मी तिथं उभी राहिले आणि वाट बघितली, आता वाईट वाटेल, मग वाटेल. वाटलं नाही. घर चांगल्या हातांत होतं, आणि मला कोल्हारला परतायची घाई होती, कारण दोन ब्लाउज सोमवारी द्यायचे होते.

परतीच्या गाडीत राहुरी गेल्यावर हे म्हणाले, "मला तिथं फक्त कुलूप आठवलं. कंपनीच्या गेटचं." मग थोड्या वेळानं, "तुझं काय?"

मी म्हणाले, "देऊन टाकू."

भाव आम्ही सांगितला. ताईंनी रांगेतल्या दुसऱ्या एका घराची खरेदी कितीला झाली ते काढून दिलं, त्यावरून ठरवला. कंडक्टरनं थोडं कमी करायला सांगितलं, आम्ही थोडं केलं. तिच्या बँकेनं आमच्या बँकेला परस्पर पैसे दिले, उरलेले आमच्या खात्यावर आले. त्याच श्रीगोंद्याच्या मॅडमनी कर्ज मिटल्याचं पत्र आणि घराचे मूळ कागद लिफाफ्यातून काढून आमच्यासमोर एकेक करून मांडले. म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही शेवटपर्यंत विकणार नाही."

"तेव्हा विकलं असतं तर ते भीतीनं विकलं असतं," हे म्हणाले. एवढं लांब वाक्य ते बँकेत पहिल्यांदाच बोलले असतील.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत फोटो आणि अंगठे झाले. साक्षीदार म्हणून ताईंनी सही केली, नेहमीसारखं आधी सगळं वाचून. म्हातारे बाबा बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर त्यांच्या लेकीनं आमच्याकडची दुसरी किल्ली त्यांच्या हातात दिली, तर ते मला म्हणाले, "माय, चाळीस वर्सं भाड्यानं राहिलो मी. पोरीनं घर केलं." मी त्यांना वाकून नमस्कार केला.

उरलेल्या पैशात आम्ही कोल्हारच्या गावठाणात छोटी जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या, पुढं शिवणकामाला पत्र्याची पडवी. गच्ची नाही, वरचा मजला नाही. बांधकामावर हे रोज शेडवरून येऊन उभे राहायचे आणि दाराच्या बिजागऱ्या त्यांनी स्वतः बनवल्या. मुलगी आता त्याच गावातल्या एका दवाखान्यात नर्स आहे.

गावात माझी अशी ओळख झाली आहे की ह्या बाईला बँकेचे कागद कळतात. तसं काही नाही. पण कुणी ब्लाउजाच्या कापडाच्या घडीत ठेवून पाकीट आणलं, की मी शिवण बाजूला ठेवते. कुणाचं घराचं असतं, कुणाचं दुकानाचं. पहिला प्रश्न मी एकच विचारते, फोन उचलता की नाही? बहुतेक जणी खाली बघतात. मग मी नोटिशीची तारीख बघते, त्यांना लिहायला बसवते, आणि फार अडलं तर ताईंना फोन लावते. त्या अजूनही "कृपा" हा शब्द खोडायला लावतात.

परवा कंडक्टर आणि तिचे बाबा आमच्याकडं जेवायला आले होते. तिला सुट्टी होती, म्हणून ती साडी नेसून आली. स्टँडवर तिला मी ओळखलंच नाही. मी हुलग्याची शेंगोळी केली होती. बाबांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि चौथ्यांदा वाटी पुढं केली, तेव्हा त्यांच्या लेकीनं डोळे वटारले. हे म्हणाले, "घ्या हो, मी आहे ना." जेवणं झाल्यावर बाबा पडवीत आडवे झाले ते तासभर उठले नाहीत. मी, आमची मुलगी आणि कंडक्टर अशा तिघी भांडी घासत होतो आणि हे बाबांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत होते. चारच्या गाडीनं ती दोघं गेली. गाडीचा कंडक्टर तिच्या ओळखीचा होता, त्यानं बाबांना पुढची खिडकीची जागा दिली.